बर्फाखालच्या चिखलाबद्दलही लिहा

संपादक महाशय, स.न.

हिमनद्या वितळतायत अशा बातम्या तुमच्या पेपरात नेहमी येतात, चांगलंच आहे, पण बर्फ घसरतो कशावरून हे कुणी लिहीतच नाही. मी वीस वर्षं माती टेस्टिंगच्या लॅबमध्ये आहे म्हणून मला हे जरा जास्तच खुपतं.

पश्चिम अंटार्क्टिकात व्हिलन्स नावाचा बर्फाचा प्रवाह, म्हणजे समुद्राकडे सरकत जाणारा बर्फाचा पट्टा आहे, जाडी साधारण एक किलोमीटर. १९८८-८९ मध्ये अमेरिकेतल्या कॅल्टेक विद्यापीठाच्या बार्कली कॅम्ब आणि हर्मान एंगेलहार्ट यांच्या टीमने गरम पाण्याच्या फवाऱ्याने आरपार भोकं पाडली आणि तळातनं गाळ वर काढला. दगडगोटे, वाळू, चिकणमाती सगळं एकत्र कालवलेलं. त्याची शिअर स्ट्रेंग्थ, म्हणजे आडव्या जोराला सरकू न देण्याची ताकद, भरली फक्त २ किलोपास्कलच्या आसपास! म्हणजे एक चौरस मीटरला २०० किलोचा आडवा जोर लावला की सरकलं. असला नमुना आमच्याकडे आला तर त्यावर कुणी गोठासुद्धा बांधू देणार नाही. वर एवढा बर्फ असून गाळ दबत का नाही, तर आतल्या पाण्याचं प्रेशर जवळजवळ सगळं वजन तोलून धरतं, पाणी निघून गेलं की तोच गाळ घट्ट होतो.

कॅनडात ट्रॅपरिज हिमनदीत तर संशोधकांनी स्ट्रेन गेज (धातू किती ताणला-वाकला ते मोजणारी पट्टी) लावलेला स्टीलचा रॉड भोकातून खाली सोडून गाळात ठोकला, वरचा बर्फ त्याला नांगरासारखा ओढत नेतो आणि रॉड किती वाकला त्यावरून गाळाची ताकद कळते. साधी आयडिया, पण काय डोकं आहे!

बर्फ समुद्रात किती वेगाने घसरणार ते या चिखलावर ठरतं, म्हणून समुद्राची पातळी किती वाढणार याचा हिशोबही त्यावर अवलंबून आहे, तेव्हा पुढच्या बातमीत चार ओळी त्याच्यावर येऊ द्या.

– एक वाचक, सांगली