जुन्या बोटीचं सागवान उपटण्याआधी गळती शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात गोव्यातल्या बऱ्याच शिडाच्या बोटी पाण्याबाहेर काढून ठेवतात आणि तेव्हाच आतल्या लाकूडकामासाठी जांबोटी, खानापूर, बेळगावकडच्या सुतारांना फोन यायला लागतात. चोर्ला घाट उतरला की काम. आपली पोरं जातात ते चांगलंच आहे, पण काम बघून जीव तुटतो म्हणून लिहितोय. फ्लॅटचं किचन करावं तसं बोटीचं करायलेत, जुनं सागवान सरसकट उपटायचं, साधं प्लाय ठोकायचं, वर लॅमिनेट, झालं, आणि एक-दोन पावसाळ्यांत सगळं फुगून वर.

अहो, आधीचं लाकूड कुजलं कशानं ते तरी बघा की. समुद्राच्या खाऱ्या पाण्यानं आतलं लाकूड सहसा कुजत नाही, कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी. डेकवरच्या बोल्टच्या भोकातनं, खिडकीच्या सुकलेल्या रबरातनं ते थेंबथेंब उतरतं आणि कपाटामागं वारा लागत नाही तिथं मुरत बसतं. लाकडात २० टक्क्यांच्या वर ओल टिकली की बुरशीचा धोका सुरू. गळती तशीच ठेवली तर नवीन लाकूडही त्याच वाटेनं जाणार. बल्कहेड, म्हणजे बोटीतली आडवी भिंत, ती तर पार्टिशन समजून कधीच कापू नका. डोलकाठीला धरणाऱ्या तारांचे पट्टे कितीतरी जुन्या बोटींत त्याच भिंतीला बोल्टनं आवळलेले असतात, शिडावर वारा भरला की सगळा ताण तिथं येतो. पट्टा डेकमधनं खाली येतो तिथं टोच्यानं दाबून बघा, बऱ्याचदा पहिली कूज तिथंच सापडते.

मापाचंही तसंच. बोटीत काटकोन सापडत नाही, आणि ती पाण्यात असली तर ओळंबा, पाणसळ काही उपयोगाचं नाही कारण ती हलतच असते. बोटीचीच मधली रेघ धरून माप घ्यायचं, पुठ्ठ्याचा किंवा हार्डबोर्डचा साचा काढून बॉडीच्या वळणाला घासून घासून बसवायचा आणि मगच लाकडाला करवत लावायची. जुनी फळी काढताना फोटो काढा, मागं नंबर टाका. आणि शेवटी ते कपाट दारातनं आत जाणार का हे बाहेर जोडायच्या आधी बघा!

प्लाय आयएस ७१० मार्कचं मरीनच घ्या, पण तेवढ्यानं भागत नाही, पाणी शिरतं ते कापलेल्या कडेतनं, म्हणून प्रत्येक कड आणि प्रत्येक भोक इपॉक्सीनं बंद करा. सागवान तेलकट असतं, चिकटवण्याआधी ॲसिटोननं पुसा. स्क्रू ३१६ स्टेनलेसचे, लोखंडी घातले तर गंजून लाकूड काळं पडतं. जुन्या प्लायवरचा सागवानी व्हिनियर बऱ्याचदा एक मिलिमीटरही जाड नसतो, त्यावर मशीन फिरवली की गेला, हातानं पॉलिश पेपर मारा. टेबलाच्या उठावाच्या कडा, दाराच्या चौकटी हे भरीव सागवान असतं, ते घासून व्हार्निश केलं की पुन्हा उभं राहतं, तसं जुनं लाकूड आज विकत घ्यायला गेलं तरी सहज मिळत नाही.

ज्या ‘म्हादेई’ बोटीतनं दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली ती गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली, आणि जिचं नाव तिला दिलं ती नदी आपल्या खानापूर तालुक्यातच उगम पावते. इतक्या जवळ हे काम चालतं आणि आमच्या पोरांना ते नीट शिकवणारं कुणी नाही. आपल्या भागात जिथं जिथं आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवतात, त्यांनी गोव्यातल्या बोटयार्डांशी बोलावं आणि पोरांना पावसाळ्यातले दोन महिने तरी तिथं जाणत्या मिस्त्रींच्या हाताखाली ठेवावं. आमच्यासारखे जुने सुतार इथलं शिकवायला कधीही यायला तयार आहेत.

आपला,
एक सुतार, ता. खानापूर, जि. बेळगाव