सोसवत नाही

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू आजीवरचा निबंध वाचून दाखवलास. ‘माझी आजी फार सोशिक होती, तिने कधी तक्रार केली नाही’ या वाक्यावर मी अडले. तेव्हा काही बोलले नाही, तुझा उत्साह मोडवेना. पण रात्रभर तो शब्द डोक्यात राहिला, म्हणून लिहायला बसले.

‘तिला वेदना होत होत्या’ आणि ‘ती वेदना सोसत होती’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघ. पहिल्यात ती ‘तिला’ आहे, वेदना तिच्याकडे आल्या आहेत. दुसऱ्यात ती कर्ता आहे. सोसणं हे काम आहे, दिवसरात्र चाललेलं, बाहेरून न दिसणारं. न दिसणाऱ्या कामाला आपण स्वभाव म्हणून टाकतो. ‘सोशिक’ म्हटलं की वाटतं, तिला ते जड जात नसेल. तिला जड जात होतं, मनू. मी घरात होते आणि तरी मला ते उशिरा कळलं.

डॉक्टरांनी तिला विचारलं, ‘आजी, कसं दुखतं?’ ती म्हणाली, ‘दुखतं थोडं.’ आयुष्यभर तेवढंच म्हणायची सवय. खरं तर आपल्या भाषेत दुखण्याला केवढे शब्द आहेत! गळू ठसठसतं, खरचटलेलं चुरचुरतं, पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, काटा सलतो. (हा ‘सल’ शल्यातून आलाय. शस्त्रक्रियेच्या ‘शल्यचिकित्से’तलं शल्य तेच.) ही नुसती शब्दांची हौस नाही. रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली रुग्णांसाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात दुखण्याचं वर्णन करणारे ७८ शब्द होते. दुखणं किती आहे एवढ्यावर भागत नाही, ते कसलं आहे हेही कळावं लागतं. आजीकडे शब्द होते. ते वापरायची मुभा मात्र आम्ही तिला कधी दिली नाही, उलट गप्प राहण्याचं कौतुक करत राहिलो.

निबंधाच्या शेवटी तू ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ घातलंयस. म्हण चांगली आहे, पण तिच्यातल्या टाकीला घडवणारा हात आहे, त्या हाताला मूर्ती दिसते आहे. वाट्याला येणारा प्रत्येक घाव तसा नसतो. आजीच्या गुडघ्याच्या दुखण्यातून काय घडणार होतं? सराव करताना अंग दुखलं तर सोस, जरूर सोस. कोणी अपमान करत असेल, किंवा दुखणं अंगावर काढायला सांगत असेल, तर तिथे ही म्हण आठवू नकोस.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते. ‘मी सोसत नाही’ म्हटलं तर त्यात नकार ऐकू येतो, थोडा हट्टही. मराठीने त्याच्याशेजारी आणखी एक रूप ठेवलंय: ‘मला सोसवत नाही.’ बघवत नाही, चालवत नाही, तसंच. वर मी ‘मोडवेना’ लिहिलं तेही त्याच घराण्यातलं. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. यात इच्छा असते, बळ संपलेलं असतं, आणि त्याचा दोष कोणावर येत नाही, बोलणाऱ्यावरही नाही. असं रूप आयतं हाताशी असताना आपल्या बायका ते जन्मभर न वापरता राहतात, याचं मला फार वाईट वाटतं. तू वापर. मला फोन करून एवढे दोनच शब्द म्हणालीस तरी पुढचं मी विचारीन.

निबंधातलं ते वाक्य ठेवायचं की काढायचं, ते तुझं तू ठरव. फक्त एक घाल त्यात. आजीचा गुडघा रात्री ठणकायचा, पहाटेपर्यंत डोळा लागू द्यायचा नाही. हे ती मला एकदाच म्हणाली होती, दिवा मालवल्यावर.

तुझी,
आई