खाजनातला काळा डाग

काका,

सप्रेम नमस्कार.

परवा आमच्या खाजनाच्या, म्हणजे खाडीलगतच्या सखल शेतीच्या, बांधात मानशीची नवी दारे बसली; मानस म्हणजे भरती-ओहोटीचे पाणी अडवणारा बांधातला दरवाजा. नारळ फोडताना सगळ्यांनी तुमची आठवण काढली. तुम्ही गर्दीत यायचे नाही हे मला ठाऊक होते, म्हणून हे पत्र. जाहीर लिहिते आहे, कारण तुम्ही मला जे शिकवलेत ते हवाई छायाचित्रांशी कधी संबंध न आलेल्या माणसांनाही कळावे असे मनापासून वाटते.

गावच्या टेनंट असोसिएशनला, म्हणजे खाजन कसणाऱ्या कुळांच्या संघटनेला, खाजनाचा नकाशा हवा होता आणि कॉम्प्युटर येतो म्हणून ते काम माझ्याकडे आले. जानेवारीत घेतलेली छायाचित्रे मिळाली होती. दोन रात्रींत मी नकाशा रंगवून टाकला: शेत पिवळे, पाणी निळे, खारफुटी हिरवी. मानशीपासून आत पसरलेला एक मोठा काळसर डाग होता, तोही हिरवा केला आणि वर ‘खारफुटी’ लिहिले. कुणीतरी तुमचे नाव सुचवले आणि मी नकाशा घेऊन तिसवाडीहून फोंड्याला आले. खरे सांगायचे तर शाबासकी घ्यायला आले होते.

तुम्ही नकाशा पालथा ठेवलात, मूळ फोटो मागितलात, भिंग लावून बराच वेळ गप्प बसलात. मग एवढेच विचारलेत, “बाय, हाची सावळी खंय?”

सावली नव्हती. झाडांची कड असती तर तिथे सावलीची पट्टी दिसली असती. खारफुटीचे रान वरून फुलकोबीच्या गड्ड्यासारखे खडबडीत दिसते. माझा डाग गुळगुळीत होता आणि त्याची कडा हळूहळू विरत गेली होती. ती नुसती ओली जमीन होती. मी ‘बरं, ओली जमीन’ म्हणून रंग बदलायला निघाले, तर तुम्ही मला थांबवलेत. पाऊस जाऊन तीन महिने झाले, खाजनातली भातकापणी झाली, मग ही ओल आली कुठून? आणि ती मानशीकडूनच का पसरते आहे? तुमचे खरे काम या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होते, हे मला त्या दिवशी दिसले.

एका शब्दाने काय झाले असते याची आज भीती वाटते. किनारी नियमनात खारफुटी सर्वांत कडक संरक्षणाच्या गटात येते, आणि ते योग्यच आहे. पण पिकत्या शेतावर तो शिक्का चुकून बसला असता, तर तो पुसता पुसता शेतकऱ्यांच्या चपला झिजल्या असत्या.

तुम्ही मला ओहोटीच्या वेळी जायला सांगितलेत, आणि गावातल्या सर्वांत जुन्या शेतकऱ्याला बरोबर घ्यायला. त्यांनी फोटोकडे बघितलेही नाही. सरळ मानशीपाशी नेले. एका दाराची फळी खालून कुजली होती, शेजारी बांधाला खेकड्यांनी भोके पाडली होती. भरतीचे खारे पाणी रोज दोनदा आत येत होते. कोरगूट भात खारेपणा सोसते, पण त्यालाही मर्यादा असते, असे ते म्हणाले. फोटोतला डाग आणि त्यांच्या पायाखालचा चिखल एकच आहे हे कळले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. फोटो किती बोलतो आणि कुठे गप्प होतो, हे तुम्हाला घरबसल्या माहीत होते.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी दर रविवारी तुमच्याकडे येत राहिले. दोन फोटोंतून उंची-खोली दाखवणाऱ्या भिंगांच्या यंत्राचे, स्टिरिओस्कोपचे, ते पहिले आठवडे! विमानातून ओळीने घेतलेल्या फोटोंत साधारण साठ टक्के भाग पुढच्या फोटोतही येतो, त्यामुळे एकच जागा दोन ठिकाणांहून दिसते. डावा फोटो डाव्या डोळ्याला, उजवा उजव्याला. मला मात्र दोन बांध दिसायचे, एकमेकांवरून सरकणारे. डोळ्यांतून पाणी यायचे. तुम्ही म्हणायचात, डोळ्यांवर जोर देऊ नकोस, मांडवीपलीकडे बघते आहेस असे समज. चौथ्या रविवारी बांध कागदातून वर उठला. मी ओरडलेच, आणि काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. बांध भिंतीएवढा उंच दिसत होता. तेव्हाही तुम्ही लगेच सावध केलेत: आपल्या दोन डोळ्यांत सहा-सात सेंटिमीटर अंतर, आणि त्या दोन फोटोंत विमान जवळजवळ नऊशे मीटर पुढे गेलेले, म्हणून उंची फुगते. एकदा तुम्ही मुद्दाम फोटोंची अदलाबदल केलीत, तर सड्याच्या, जांभ्या दगडाच्या पठाराच्या, जागी खड्डा दिसू लागला. डोळ्यांनी पाहिलेलेही तपासायचे, हे मी त्या खड्ड्यातून शिकले.

बाकी ओळखी हळूहळू जमल्या. माडाचा शेंडा वरून चांदणीसारखा दिसतो, म्हणून माडांची रांग बांधाचा माग देते. ओहोळाच्या कडेची दाट, काळपट जागा म्हणजे कुळागर, माड-पोफळीची बाग, असण्याचा संभव जास्त. मिठागरांचे चौकोन उन्हाळ्याच्या फोटोत पांढरे चमकतात आणि पावसात पाण्याखाली जातात, म्हणून तारीख आधी वाचायची. दहा हजारास एक या प्रमाणात दोन मीटरचा बांध कागदावर मिलिमीटरचा पाचवा हिस्सा भरतो. एवढ्या रेघेवर गावाची शेती उभी असते.

तुम्ही देहरादूनला शिकलात, १९६६ साली सुरू झालेल्या फोटो इंटरप्रिटेशन इन्स्टिट्यूटमध्ये. तिथल्या आठवणींपेक्षा तुम्ही दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनसाठी हवाई फोटो वाचणाऱ्या कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथची गोष्ट जास्त रंगून सांगायचात. १९४३ साली पेनेम्युंडे या जर्मन शस्त्र-चाचणी केंद्राच्या फोटोंत तिने रुळासारख्या उतरंडीवर एक इवलेसे विमान हेरले, तो जर्मनांचा व्ही-१ हा उडता बॉम्ब निघाला. तुम्हाला त्यात भावायचे ते तिचे पुन्हा मागे जाणे, आधी पाहून झालेले फोटो नव्या प्रश्नाने परत काढणे. तुमच्यामुळे मीही आता जुने फोटो फेकत नाही.

पण सर्वांत मोठे ऋण वेगळेच आहे. तुम्ही मला पेन्सिलीच्या तीन खुणा दिल्यात: ‘पक्के’, ‘बहुधा’ आणि ‘जाऊन बघ’. कामाच्या घाईत तिसरी खूण करायला धीर लागतो. समोरचा माणूस उत्तर मागत असतो आणि आपल्याला कोरी जागा दाखवावी लागते. मी ती दाखवू शकते, कारण चाळीस वर्षे हेच काम केलेल्या माणसाला माझ्यासमोर भिंग खाली ठेवून “कळत नाही” म्हणताना मी पाहिले आहे.

आपल्या नकाशात सतरा जागी ‘जाऊन बघ’ होते. सोळा बघून झाल्या. पोंयीच्या, म्हणजे मानशीच्या आतल्या तळ्याच्या, पूर्वेकडची ती पुसट वाकडी रेघ राहिली आहे. शेतकरी म्हणतात जुना बांध असावा, मला वाटते पाण्याची जुनी वाट. येत्या रविवारी दोन्ही फोटो घेऊन येते. काकूंना पेज जास्त टाकायला सांगा.

तुमचीच,
रविवारची विद्यार्थिनी