गव्हाची प्रत कोण ठरवणार?

महोदय,
अमेरिका म्हणजे निव्वळ खासगी भांडवल, असे मानणाऱ्यांनी तिथल्या नॉर्थ डकोटा या राज्याकडे पाहावे. तिथल्या गव्हाची प्रत आणि भाव शेजारच्या मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसचे व्यापारी ठरवत. वैतागलेल्या शेतकऱ्यांना आर्थर टाउनले या कर्जात बुडालेल्या जवस उत्पादकाने १९१५ मध्ये ‘नॉनपार्टिझन लीग’ या राजकीय संघटनेत एकत्र आणले. पुढच्याच वर्षी लीगचे लिन फ्रेझियर, स्वतः शेतकरी, गव्हर्नरपदी निवडून आले. १९१९ मध्ये राज्याच्या मालकीची बँक निघाली, १९२२ मध्ये ग्रँड फोर्क्सला सरकारी पिठाची गिरणी. गंमत म्हणजे १९२१ मध्ये मतदारांनी मतदान करून फ्रेझियरना मुदतीआधीच पदावरून हटवले, पण बँक मोडू दिली नाही! पुढच्याच वर्षी तेच फ्रेझियर अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेले. बँक आणि गिरणी आजही राज्याच्याच मालकीची आहेत.
– एक वाचक, सांगली