‘हायडी’ पाहण्यापूर्वी सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सायंकाळी ठीक सहा वाजता आपण फुजी टीव्हीवर १९७४ साली प्रक्षेपित झालेल्या ‘हायडी’ या ५२ भागांच्या जपानी ॲनिमेशन मालिकेचे पहिले तीन भाग पाहणार आहोत. योहाना स्पिरी यांच्या मूळ स्विस कादंबरीवर बेतलेल्या या मालिकेचे दिग्दर्शन इसाओ ताकाहाता यांनी केले, तर दृश्यरचना हायाओ मियाझाकी यांची होती. चित्रणापूर्वी ही मंडळी स्वतः स्वित्झर्लंडला जाऊन आली होती आणि त्या पाहणीचा परिणाम कुरणे, लाकडी झोपडी, इतकेच काय, छोट्या हायडीच्या आजोबांनी विस्तवावर वितळवलेल्या चीजमध्येही दिसतो.

मूळ कादंबरी शक्यतो आधी वाचून यावी, म्हणजे केलेले बदल लक्षात येतील. कादंबरीत हायडीची चालू न शकणारी मैत्रीण क्लारा हिची चाकांची खुर्ची शेळ्या राखणारा पीटर मत्सरापोटी ढकलून देतो. मालिकेत मात्र ती क्लाराच्याच हातून उतारावरून सुटते. (हा बदल प्रस्तुत लेखकास पटलेला नाही.) योसेफ हा सेंट बर्नार्ड कुत्रा तर मालिकेचीच भर आहे. मुलांना अवश्य सोबत आणावे; उपशीर्षके मात्र मोठ्यांनी वाचून दाखवावी लागतील.