पडद्याबाहेर थांबणाऱ्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

पस्तीस दिवस आम्ही तुम्हाला नुसतं 'सिस्टर' म्हणत होतो. वॉर्डात सिस्टर पुष्कळ होत्या, पण माझी लेक सकाळी डोळे उघडल्या उघडल्या "आज सिस्टर आहेत का?" असं विचारायची, तेव्हा ती कोणाबद्दल विचारतेय हे बाकीच्या सिस्टरनाही कळायचं. तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे.

डिस्चार्जच्या दिवशी माझ्या एका हातात औषधांची पिशवी होती, दुसऱ्या हातात फाइल आणि एक्स-रेचं पाकीट. लिफ्टचं दार बंद होता होता मी "थँक यू हं सिस्टर" म्हणालो, ते तुमच्यापर्यंत पोचलं की नाही कोण जाणे. म्हणून हे पत्र. उघडंच लिहितोय, कारण आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या माझ्यासारख्या आणखी काही आई-बाबांनी ते वाचावं असं वाटतं.

लेक पंधरा वर्षांची. मांडीच्या हाडाला, गुडघ्याच्या जरा वर, जंतुसंसर्ग झाला होता. ऑस्टिओमायलायटिस हा शब्द मी आता झोपेतसुद्धा न अडखळता म्हणेन. ऑपरेशन करून पू काढला, पण तेवढ्यानं भागत नाही. दुखावलेल्या हाडापर्यंत औषध नीट पोचत नाही, म्हणून कित्येक आठवडे शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागतं. तिला लहान मुलांच्या वॉर्डात ठेवलं होतं. भिंतीवर जिराफ आणि हत्ती, शेजारच्या बेडवर चार वर्षांचं पोर. दुसरा पर्याय मोठ्या बायकांच्या वॉर्डाचा होता, तिथे सगळ्या तिच्या आजीच्या वयाच्या. दोन्हीकडे ती उपरीच. त्या जिराफाचा तिला इतका राग होता की त्याला तिनं एक नावही ठेवलं होतं, ते मी लिहीत नाही.

राउंडला सगळे मला विचारायचे आणि मी उत्तरं द्यायचो. ताप? नाही. भूक? कमीच आहे. दुखतंय का? रात्री दुखत होतं. पोट साफ झालं का? तेही मीच सांगितलं, सात-आठ शिकाऊ डॉक्टरांसमोर, खणखणीत आवाजात. लेकीनं तोंड जिराफाकडे फिरवलं. मला वाटलं, थकली असेल.

त्याच दुपारी तुम्ही पहिल्यांदा आलात. वॉर्डातला पडदा दिवसातून वीस वेळा खर्रकन ओढला जायचा. कोणी ताप बघायला, कोणी फरशी पुसायला, कोणी चुकीच्या बेडवर. तुम्ही बाहेरच थांबलात. "मी सिस्टर. आत येऊ का?" मी आपला सवयीनं म्हणालो, "या, या." तुम्ही आला नाहीत. पडद्याखाली तुमचे पांढरे बूट दिसत होते, ते जागचे हलले नाहीत. मी पुन्हा "या ना सिस्टर" म्हणणार, तेवढ्यात बेडवरून बारीक आवाज आला, "या." मग पडदा सरकला.

त्या क्षणी मला खरं तर थोडा रागच आला होता. मी काय दिसत नव्हतो?

नंतर कॉरिडॉरमध्ये तुम्ही मला गाठलंत. "बाबा, उद्या राउंडला गप्प बसाल? दहा सेकंद. मनातल्या मनात मोजा." भाषण नाही, उपदेश नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हणतेय पेशंट?" मी मोजायला लागलो. डॉक्टर माझ्याकडे बघतायत, मी चादरीकडे. सहावर होतो तेव्हा ती बोलली. मला माहीत नसलेल्या दोन गोष्टी तिनं सांगितल्या: रात्रीच्या डोसनंतर मळमळतं, आणि टाक्यांच्या खाली, टाचेकडे मुंग्या येतात. आठ दिवस मी तिच्या वतीनं उत्तरं देत होतो, आणि ती उत्तरं निम्मी चुकीची होती.

पिक लाइनचा दिवस आठवतोय? रोज नवी सुई टोचून हाताच्या शिरा संपत आल्या, तेव्हा दंडातून एक बारीक लांब नळी घालायची ठरली. फॉर्मवर सही माझी होती. कायद्यानं ती माझीच लागते. सही झाल्यावर मला वाटलं विषय संपला. तुम्ही मात्र तशीच एक वापरात न येणारी नळी घेऊन आलात आणि तिच्या हातात दिलीत. मऊ, नूडलसारखी, जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची. तिनं ती बोटाला गुंडाळून पाहिली, वाकवून पाहिली, मग दंडावर एक टोक धरून काखेतून वळवत छातीपर्यंत नेली. जाता जाता पट्टी मागितली आणि सेंटिमीटर मोजले. मग विचारलं, "ही हृदयात टोचणार नाही ना?" तुम्ही हसला नाहीत. वहीच्या मागच्या पानावर तुम्ही मोठी शीर काढलीत, खाली हृदय काढलंत आणि नळीचं टोक हृदयाच्या अलीकडे कुठे थांबतं तिथे फुली मारलीत. टोक नीट तिथेच आहे का, हे एक्स-रे काढून बघतात, तेही सांगितलंत. "आता सांग, तुला हे चालेल का?" तिनं विचार केला. पूर्ण अर्धा मिनिट. "चालेल. पण डाव्या हातात. उजव्यानं मी लिहिते." ते तुम्ही डॉक्टरांच्या कानावर घातलंत आणि नळी डाव्या दंडात बसली.

एकदा दुसऱ्याच कोणीतरी तिला गोड आवाजात विचारलं, "इंजेक्शन घेऊ या का आपण?" ही म्हणाली, "नाही म्हटलं तर नाही देणार?" उत्तर मिळालं नाही, इंजेक्शन मिळालं. संध्याकाळी तिनं तुमच्याकडे तक्रार केली. तुम्ही म्हणालात, जिथे नाही म्हणायची सोय नाही तिथे विचारायचंच नाही, सरळ सांगायचं. विचारायचं ते जिथे तुझ्या हातात खरंच काही आहे तिथे. आधी ड्रेसिंग की आधी आंघोळ, बाबा आत की बाहेर, बघायचं की तोंड फिरवायचं. घरी मी तिला आजवर ज्या 'निवडी' दिल्या, त्यातल्या खऱ्या किती होत्या, याचा हिशेब मी अजून पुरा केलेला नाही.

झोपेवरून आमची रोज जुंपायची. रात्री साडेअकरापर्यंत मोबाइल, आणि पहाटे रक्त घ्यायला आले की ही चिडचिड. मी एकदा मोबाइल काढूनच घेतला, तर दोन दिवस अबोला. तुम्ही माझी बाजू घ्याल असं वाटलं होतं. तुम्ही मला समजावलंत की या वयात झोप आणणारं मेलाटोनिन मुळातच उशिरा वाढतं, त्यामुळे रात्री लवकर झोप लागत नाही आणि पहाटे उठवत नाही. सगळा दोष आळसाचा नाही. अँटिबायोटिक दर आठ तासांनी होतं, पहाटे सहा, दुपारी दोन, रात्री दहा. रक्त आधी पाचला घेत. तुम्ही ते सहाच्या डोसबरोबर आणलंत, तापही तेव्हाच. एकदाच उठवायचं. मोबाइलचं तिनंच ठरवलं: साडेअकराला तो नर्सिंग स्टेशनवर चार्जिंगला. ठराव तिचा, म्हणून तो मोडलाही तिनं एकदाच. माझं फर्मान रोज मोडलं जायचं.

मैत्रिणींचं थोडक्यात. त्या यायच्या आदल्या दिवशी तुम्ही तिला सुचवलंत की नळी, वॉकर, बारीक झालेला चेहरा, हे सगळं एका फोटोत त्यांना आधीच पाठव. म्हणजे दारात कोणाचा चेहरा पडणार नाही. पडला नाही. तास कसा गेला कळलं नाही, आणि वर्गात काय काय झालं ते मलाही सगळं कळलं, नको तेवढं.

आता त्या संध्याकाळबद्दल.

तिसऱ्या आठवड्यात ती गप्प झाली. रडत नव्हती, भांडत नव्हती. रिपोर्ट तर सुधारत होते. शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांपैकी सीआरपी भराभर उतरलं होतं, ईएसआर सावकाश उतरतं म्हणून त्याचीही काळजी नव्हती. ती स्वतःच हे आकडे वहीत लिहायची, ते लिहिणंही तिनं सोडलं. मी विनोद केले, तिची आवडती सिरीज लावली, शेवटी ओरडलो. तुम्ही ड्युटी संपल्यावर आलात आणि तिला विचारलंत, "बाबा असू देत की जाऊ देत?" ती म्हणाली, "बाबा, तू जा."

पंधरा वर्षांत ती मला असं म्हणाली नव्हती. निदान माझ्या तोंडावर नाही.

मी जाता जाता तुमचं एवढंच ऐकलं: "तू सांगशील ते माझ्याजवळ राहील. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं, किंवा कोणी तुला त्रास देतंय असं कळलं, तर ते मला पुढे इतरांना सांगावं लागेल. आणि ते सांगायच्या आधी मी तुला सांगेन." मग मी जिन्यावर जाऊन बसलो. पंचवीस मिनिटं. माझ्या मुलीचं असं काही आहे जे एका परक्या बाईला कळणार आणि मला नाही, हे गिळायला पंचवीस मिनिटं कमी पडली.

आत काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही. एक गोष्ट मात्र तुम्ही तिची परवानगी घेऊन मला सांगितलीत. तिनं मोबाइलवर वाचलं होतं की हाडाच्या टोकाजवळ संसर्ग झाला तर तिथल्या ग्रोथ प्लेटला, म्हणजे हाड जिथून वाढतं त्या पट्टीला, इजा होऊन पाय आखूड राहू शकतो. तीन आठवडे ती रोज रात्री चादरीखाली दोन्ही टाचा एकमेकींना लावून मोजत होती. मला का विचारलं नाही? "बाबा रडतो," असं म्हणाली. खरं आहे, मी पार्किंगमध्ये रडायचो. तिला ते दिसत होतं, कारण वॉर्डाची खिडकी त्याच बाजूला होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही डॉक्टरांना पाच मिनिटं बसायला लावलंत. उभं नाही, खुर्चीवर, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून तिला ती प्लेट दाखवली. सांगितलं की मुलींमध्ये गुडघ्याजवळची वाढ साधारण १४ ते १६ वर्षांच्या दरम्यान थांबते, तुझी पट्टी जवळजवळ बुजत आली आहे. वाढायचंच फारसं उरलेलं नाही, तेव्हा फरक पडला तरी तो मोठा नसेल, आणि आपण मोजत राहू. "काही होणार नाही" असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर तिनं विश्वास ठेवला नसता. त्या रात्री वहीत पुन्हा सीआरपी लिहिलं गेलं.

घरी आल्यावर मी या विषयावर बरंच वाचलं. पंधरा वर्षांच्या मुलाला लहानांच्या वॉर्डात ठेवायचं की मोठ्यांच्या, ही अडचण जुनी आहे. बॉस्टनमध्ये १९५१ साली जे. रॉसवेल गॅलाघर या डॉक्टरांनी खास याच वयासाठी वेगळा विभाग सुरू केला. १९८८ साली नेदरलँड्समधल्या लायडनला हॉस्पिटलातल्या मुलांच्या हक्कांची दहा कलमी सनद तयार झाली. तिच्यात वाढीच्या गरजा सारख्या असलेल्या मुलांना एकत्र ठेवावं, मोठ्यांच्या वॉर्डात घालू नये, असं स्पष्ट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १२ वं कलम सांगतं की मुलाला आपल्याबद्दलच्या गोष्टींत मत मांडता आलं पाहिजे आणि वयानुसार, समजेनुसार त्याला वजन मिळालं पाहिजे. हे वाचताना मला सारखे पडद्याखालचे पांढरे बूट दिसत होते. तुम्ही एकदाही कुठलं कलम सांगितलं नाहीत. सत्तावीस बेड आणि रात्री दोनच सिस्टर, एवढ्यात कलमं सांगायला वेळ कुठून असणार म्हणा.

तुमचंही एकदा चुकलं होतं. गडबडीत तुम्ही तिला हाताखालच्या मुलीसमोर 'चौदा नंबर' म्हणालात. तिनं ऐकलं, तुम्हाला कळलं, आणि परत फिरून तुम्ही तिची माफी मागितलीत. मोठं माणूस तिच्या वयाच्या कोणाची अशी सरळ माफी मागताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं असावं. निदान आमच्या घरात तरी तसं कधी झालं नव्हतं.

आता ती चालते. वॉकर गेला, थोडं लंगडणं राहिलंय, फिजिओ चालू आहे. ती मोजलेली नळी तिच्या कंपासपेटीत आहे. मागच्या तपासणीला डॉक्टरांनी तिला पाय आखडतो का विचारलं आणि मी तोंड उघडलं. तिनं न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी चारपर्यंत मोजलं.

हे पत्र पाठवण्याआधी मी तिला वाचायला दिलं. तिनं दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. पोट साफ झाल्याचं वाक्य मी आपणहून खोडायला निघालो होतो, पण ती म्हणाली, "ते राहू दे, डॉक्टरांनी वाचायला पाहिजे." जिराफाबद्दलचं मात्र तिला अपुरं वाटलं.

तिनंही तुम्हाला वेगळी चिठ्ठी लिहिली आहे. वॉर्डाच्या पत्त्यावर पाठवली आहे, पाकीट तिनंच चिकटवलंय. आत काय आहे मला माहीत नाही.

आपला,
तिचा बाबा