चाचणीची मानके कोणत्या मुलांवरून ठरली, ते अहवालात लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचे परीक्षा अर्ज भरायची वेळ जवळ आली की मुंबईतल्या शाळांमध्ये अध्ययन अक्षमतेच्या (बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित जमत नाही, त्या अडचणीच्या) प्रमाणपत्रांसाठी पालकांची धावपळ सुरू होते. जादा वेळ, लेखनिक, विषयातली सूट हे सगळे त्या कागदावर अवलंबून असते. पण आपल्या मुलाला जी चाचणी दिली, तिची मानके, म्हणजे गुण ज्यांच्याशी ताडून पाहतात त्या वयोगटाच्या सरासऱ्या, कोणत्या मुलांवरून ठरली, हे कुणीच विचारत नाही. शालेय समुपदेशक म्हणून मी हे अहवाल रोज वाचते. म्हणून हे पत्र.

बुद्ध्यंक मोजण्यासाठी आपल्याकडे अजूनही मालिन यांची चाचणी सर्रास वापरली जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या 1949 च्या बुद्धिमापनश्रेणीवरून नागपूरच्या डॉ. मालिन यांनी ती 1969 मध्ये भारतीय मुलांसाठी तयार केली, मराठीतही आणली. त्याआधी डॉ. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या पद्धतीची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली होती. त्या कामावरचे त्यांचे पुस्तक 1940 चे. या दोघांनी नुसते भाषांतर केले नाही. इथल्या मुलांना समोर बसवून प्रश्न तपासले, वयोगटानुसार मानके काढली. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. राग येतो तो त्यांचे काम पुढे न नेणाऱ्या आपल्या व्यवस्थेचा. गोवंडीतली घरी भोजपुरी आणि वर्गात मराठी बोलणारी मुलगी आज पन्नास वर्षांपेक्षा जुन्या मानकांवर तोलली जाते.

मानके जुनी झाली की काय होते, हे जगाला ठाऊक आहे. संशोधक जेम्स फ्लिन यांनी 1984 मध्ये दाखवून दिले की अमेरिकेत 1932 ते 1978 या काळात सरासरी बुद्ध्यंक सुमारे 14 गुणांनी वाढला. म्हणजे आजच्या मुलाची तुलना जुन्या, कमी सरासरीशी झाली तर त्याचे गुण फुगलेले दिसू शकतात आणि ज्याला खरोखर मदत हवी तो बौद्धिक अक्षमतेच्या 70 च्या रेषेच्या वर जाऊन मदतीतून सुटतो. उलट शब्दसंग्रह आणि सामान्य माहितीच्या प्रश्नांत परभाषक घरातल्या मुलाचे गुण विनाकारण घसरतात. दोन चुका एकमेकींविरुद्ध ओढतात, आणि कोणत्या मुलाच्या बाबतीत कोणती चूक किती, ते नव्याने मोजल्याशिवाय कळणार नाही.

केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अध्ययन अक्षमता ठरवताना आधी बुद्ध्यंक 85 च्या वर हवा, अशी अट होती. आता समजा, एका मुलाला 83 मिळाले. चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा मोजले तरी गुण किती सारखे येतात ते; जास्तीत जास्त 1) 0.91, म्हणजे उत्तमच, धरली आणि प्रमाण विचलन, म्हणजे मुलांच्या गुणांचा सरासरीभोवतीचा पसारा, 15 धरले, तर मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे मोजण्यातली नेहमीची चूक, 4.5 गुणांची येते. दोन्ही बाजूंना तिच्या दुप्पट, 9 गुण, सोडायचे असतात; म्हणजे त्या मुलाचा खरा बुद्ध्यंक साधारण 74 ते 92 यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. एवढ्या रुंद पट्ट्यात मधोमध रेघ मारून अलीकडचे आत, पलीकडचे बाहेर असे करता येत नाही. चाचणी देणाऱ्या तज्ज्ञांना हे गणित येते. पालकांच्या हाती मात्र फक्त 83 हा आकडा पडतो, आणि ते तो मुलाच्या कपाळावर लिहिल्यासारखा घेतात.

वाचन-लेखनाच्या चाचण्यांचे तर आणखी कठीण. इंग्रजीत बी आणि डी उलटसुलट होतात, त्यावर प्रश्न असतात. मराठी वाचताना मूल अडखळते ते जोडाक्षराला, रफाराला, वेलांटी-उकाराला. इंग्रजी चाचणीच्या शब्दांचे मराठी प्रतिशब्द मांडले की या अडचणी सापडत नाहीत; मराठी शब्द सोपे-अवघड ठरवायला मराठी मुलांकडूनच वाचून घ्यावे लागतात. हे अशक्य नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने वाचन अक्षमतेसाठी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत स्वतंत्र साधने तयार करून दाखवली आहेत. (बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि कल सांगणाऱ्या तथाकथित चाचण्यांना शास्त्रीय आधारच नाही. पालकांनी त्यावर पैसे घालवू नयेत.)

मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या आहेत. मानके नव्याने ठरवायला इतका विविध नमुना दुसऱ्या कुठल्या शहरात सहज मिळेल? मुंबई विद्यापीठ, एसएनडीटी, देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था, महापालिकेची वैद्यकीय महाविद्यालये आणि शिक्षण विभाग यांनी एकत्र येऊन निदान मराठी, हिंदी आणि उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी हे काम हाती घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. काही वर्षे लागतील, पैसाही लागेल.

तोवर प्रत्येक अहवालात बुद्ध्यंकाच्या आकड्याशेजारी चाचणीचे नाव, मानकांचे वर्ष, चाचणी कोणत्या भाषेत दिली ते आणि त्रुटीची मर्यादा एवढे तरी छापावे. यासाठी कुठल्याही निधीची वाट पाहायला नको.

आपली,
एक शालेय समुपदेशक
भांडुप (पूर्व), मुंबई